सपोर्ट संपला म्हणजे नक्की काय संपलं?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आधी कित्येक महिने तुमच्याही स्क्रीनवर ती सूचना येत असणार. विंडोज ११ घ्या, आणि ते या मशीनवर बसत नसेल तर नवीन मशीन घ्या, असा तिचा एकंदर सूर होता. आमच्या विभागात तिच्यावर दोनच प्रतिक्रिया दिसल्या. काही जण लगेच नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागले. बाकीच्यांनी "काही होत नाही हो" म्हणत ती खिडकी बंद केली. तिसरा एक छोटा गट आहे, तो दोघांनाही सांगत फिरतो की लिनक्स टाका आणि मोकळे व्हा.

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय, त्यामुळे कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. पण माझं निम्मं काम कॉम्प्युटरवर चालतं आणि उरलेलं निम्मं कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांवर. दर आठवड्याला आम्ही एखादा शोधनिबंध घेऊन बसतो आणि विचारतो, दावा काय, पुरावा काय, मर्यादा काय. आज तेच प्रश्न या सूचनेला विचारू. वरच्या तिन्ही गटांना माझ्या मते एक महत्त्वाची गोष्ट दिसत नाहीये, तिच्याकडे शेवटी येते.

दाव्यातला खरा भाग

आधी सपोर्ट म्हणजे काय ते बघू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काही कोटी ओळींचा कोड. एवढ्या कोडमध्ये चुका राहणारच, आणि त्यातल्या काही चुका अशा असतात की त्यांच्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. कंपनी त्या शोधते, दुरुस्त करते आणि ती दुरुस्ती, म्हणजे पॅच, दर महिन्याला तुमच्याकडे पाठवते. सपोर्ट संपला म्हणजे हे पॅच येणं थांबलं. बाकी काही थांबत नाही. मशीन १५ ऑक्टोबरलाही सुरू होतं, फाइल उघडते, प्रिंट निघते. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यांना हाच पुरावा वाटतो.

इथे एक बारकी गोष्ट आहे. विंडोज ११ हे विंडोज १० च्याच पायावर उभं आहे आणि दोघांमध्ये पुष्कळ कोड सारखा आहे. विंडोज ११ साठी पॅच आला की हल्लेखोर पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून तपासतात. कुठली ओळ बदलली ते कळलं की चूक कुठे होती तेही कळतं. तीच चूक विंडोज १० मध्ये असेल आणि तिथे पॅच पोचलाच नसेल, तर भावाच्या घराला नवं कुलूप बसवताना तुमच्या घराचं जुनं कुलूप कसं उघडतं हे गावभर कळल्यासारखं होतं. म्हणजे सपोर्ट संपलेलं मशीन आहे तिथेच राहत नाही, त्याचा धोका महिन्यागणिक वाढतो. दाव्याचा हा भाग पक्का आहे, आणि त्याला हसण्यावारी नेऊ नका.

पण या भागाला जो पुरावा हमखास दिला जातो, तो तपासून घ्यायला हवा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याचा फटका बसला, शस्त्रक्रिया आणि अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तेव्हापासून "बघा, विंडोज एक्सपी वापरलं की असं होतं" हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, म्हणून गोष्ट पटतेही. प्रत्यक्षात संसर्ग झालेली बहुतांश मशीनं विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ला तेव्हा सपोर्ट होता. तो १४ जानेवारी २०२० पर्यंत चालला. या चुकीवरचा पॅच १४ मार्च २०१७ लाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, आलेला होता. तो लावलेला नव्हता, इतकंच. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने हीच फट वापरली, आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यात अडकलं.

सपोर्ट असणं आणि पॅच लावलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवी सिस्टीम घेतली आणि अपडेट बंद करून ठेवले (नेट स्लो होतं म्हणून हे आपल्याकडे सर्रास चालतं), तर तुम्ही पैसे खर्च करून जुन्याच जागी आलात.

दाव्यातला कच्चा भाग

आता "नवीन मशीन घ्या" कडे येऊ. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते. ती एन्क्रिप्शनच्या किल्ल्या मुख्य मेमरीपासून वेगळ्या, सुरक्षित ठेवते. कल्पना चांगली आहे आणि तिचा उपयोगही आहे. पण अट तेवढीच नाही. प्रोसेसरची एक यादीही आहे, आणि इंटेलच्या बाबतीत ती साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीच्या अनेक मशीनमध्ये टीपीएम २.० असूनही ती यादीबाहेर राहिली. गंमत म्हणजे सातव्या पिढीचा एक प्रोसेसर, कोअर आय-७ ७८२०एचक्यू, काही ठरावीक मशीनसाठी नंतर यादीत घेण्यात आला. तो ज्या मशीनमध्ये होता त्यांत सरफेस स्टुडिओ २ होतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टने स्वतः विकलेलं मशीन. शोधनिबंधात असा अपवाद सापडला तर परीक्षक पहिला प्रश्न विचारेल, ही सीमा मोजमापावरून ठरली की सोयीवरून?

दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. विंडोज १० चे पॅच तयार होणं थांबलेलंच नाही. 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' नावाच्या योजनेत ते पुढेही मिळतात. घरगुती ग्राहकाला ऑक्टोबर २०२६ पर्यंत, कंपन्यांना तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत. यंत्रसामग्रीत बसवायची विंडोज १० ची एक खास आवृत्ती आहे, तिचा सपोर्ट तर जानेवारी २०३२ पर्यंत आहे. आता या योजनेचे जाहीर झालेले दर बघा. कंपनीला पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर, आणि दरवर्षी दुप्पट. शिक्षणसंस्थेला पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४. घरगुती ग्राहकाला एका वर्षाचे ३० डॉलर, किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायला हो म्हटलं तर फुकट. युरोपियन इकॉनॉमिक एरियातल्या घरगुती ग्राहकाला क्लाउडची अटही नाही, कंपनीच्या अकाउंटने लॉगिन केलं की झालं.

पॅच तोच, पण कुणाला ६१ डॉलरला, कुणाला एक डॉलरला, कुणाला फुकट. म्हणजे पॅच बनवायला किती खर्च येतो यावर हा दर ठरलेला नाही, कोण किती देऊ शकतो आणि कुठला कायदा किती कडक आहे यावर ठरलेला आहे. धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. दहा वर्षं एक सिस्टीम फुकट पॅचसह चालवणं हीही काही छोटी गोष्ट नव्हे, बहुतेक मोबाइल फोनना याच्या निम्मीही वर्षं मिळत नाहीत. माझा आक्षेप भाषेवर आहे. "सपोर्ट संपला" हे वाक्य "ऋतू संपला" सारखं बोललं जातं, जणू निसर्गच तसा आहे. खरं वाक्य असं आहे: पॅच आहे, पण तुम्हाला देणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये कॅनलिस या बाजार-अभ्यास संस्थेने अंदाज मांडला होता की या बदलामुळे जगभरात २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वापरायचा. पण त्यातला निम्मा जरी खरा ठरला, तरी चालू स्थितीतली मशीनं केवळ एका यादीत नाहीत म्हणून मोडीत निघतील.

वाचक विद्यापीठात असतील तर त्यांनी एक डॉलरचा दर नक्की लक्षात ठेवावा. नवीन खरेदीचा प्रस्ताव लिहिण्याआधी आपल्या कॉम्प्युटर सेंटरला विचारा की शैक्षणिक परवान्यातून ही मुदतवाढ घेतली आहे का. एवढ्या एका प्रश्नाने निविदा, तीन कोटेशनं आणि आठ महिने वाचू शकतात.

"लिनक्स टाका" याचंही परीक्षण

तिसऱ्या गटाशी माझं मन जुळतं, माझं स्वतःचं गणनेचं काम लिनक्सवरच चालतं. पण "लिनक्स टाकलं की ही कटकटच संपली" हे खरं नाही. सपोर्ट तिथेही संपतो, आणि कधीकधी जास्त वाईट रीतीने.

सेंटओएस हे लिनक्सचं वितरण जगभरच्या संशोधन-क्लस्टरवर होतं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. म्हणजे आठेक वर्षांच्या भरवशावर बसलेल्यांना जेमतेम एक वर्ष मिळालं. विंडोज १० ची तारीख निदान आधीपासून माहीत होती.

मग फरक काय? फरक त्यानंतर जे घडलं त्यात आहे. कोड खुला असल्यामुळे २०२१ मध्येच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स अशी दोन वितरणं उभी राहिली. त्यातलं रॉकी तर सेंटओएसच्याच एका मूळ संस्थापकाने सुरू केलं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्न आणि फर्मीलॅब या दोन्ही प्रयोगशाळांनी आपल्या प्रयोगांसाठी अल्मालिनक्स घ्यायचं ठरवलं. २०२३ मध्ये रेड हॅटने आपला कोड मिळण्याची वाट अरुंद केली, तेव्हा या दोन्ही प्रकल्पांना धडपड करावी लागली, पण दोन्ही टिकले.

म्हणून सिस्टीम निवडताना "सपोर्ट कधीपर्यंत?" या प्रश्नाला एक जोड द्या: मूळ मालकाने हात काढला तर दुसऱ्या कुणाला ते पुढे नेता येईल का? विंडोजच्या बाबतीत उत्तर नाही असं आहे. लिनक्सच्या बाबतीत उत्तर "येईल, पण कुणीतरी कष्ट घेतले तर" असं आहे. फुकट आणि पैसे देऊन या फरकापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

तिघांनाही न दिसलेली गोष्ट

आता मूळ मुद्दा. सूचना देणारी कंपनी, घाबरलेले लोक आणि लिनक्सवाले, तिघंही एक गोष्ट गृहीत धरतात: सिस्टीम बदलली तरी तुमचं काम तेच राहतं. पत्रं लिहिणाऱ्यासाठी ते खरं आहे. संशोधकासाठी नाही.

माझ्याच विषयातलं उदाहरण देते. रेणूची रचना ओळखायला आम्ही एनएमआर वापरतो. एखादी रचना गृहीत धरली तर एनएमआरमध्ये संकेत कुठे दिसायला हवेत हे गणनेने काढता येतं आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघता येतं. २०१४ मध्ये विलोबी, होय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर प्रोटोकॉल्समध्ये या कामाची पद्धत पायथन स्क्रिप्टसह दिली. ती सोपी होती, लोकप्रिय झाली, शंभराहून अधिक शोधनिबंधांनी तिचा उल्लेख केला. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या एका गटाने एका सायनोबॅक्टेरियातली संयुगं अभ्यासताना तीच स्क्रिप्ट वापरली आणि उत्तरं जुळेनात. तीच स्क्रिप्ट, त्याच फाइल, पण वेगवेगळ्या सिस्टीमवर वेगवेगळी उत्तरं. विंडोज १० आणि मॅकच्या जुन्या मॅव्हरिक्स आवृत्तीवर बरोबर उत्तर येत होतं, उबुंटू १६ आणि मॅकच्याच नव्या मोहावी आवृत्तीवर वेगळं.

कारण ऐकाल तर हसाल. स्क्रिप्ट एका फोल्डरमधल्या फाइलची यादी मागते. त्या कुठल्या क्रमाने मिळतील याची पायथन हमी देत नाही, तो क्रम सिस्टीमवर अवलंबून असतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या मशीनवर फाइल नावाच्या क्रमाने यायच्या, म्हणून एका रचनेची ऊर्जा आणि तिचेच एनएमआर आकडे यांची जोडी बरोबर लागायची. दुसऱ्या सिस्टीमवर क्रम बदलला की एकीची ऊर्जा दुसरीच्या आकड्यांना चिकटली. स्क्रिप्ट अडली नाही, लाल अक्षरात काही आलं नाही. दशांशापर्यंतचं नीटनेटकं उत्तर आलं, फक्त ते चुकीचं होतं. फाइल क्रमाने लावण्याची छोटीशी सूचना घातली की दोष जातो.

मॅकची जुनी आवृत्ती बरोबर आणि नवी चूक, हे पुन्हा एकदा वाचा. कुणीतरी शहाण्यासारखं वेळेवर अपडेट केलं असेल, आणि त्या अपडेटमुळेच त्याचे आकडे बिघडले असतील.

हे एकटं उदाहरण नाही. २०१२ मध्ये मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून भागांचं आकारमान मोजणारं फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर तपासलं. चित्रं तीच ठेवून सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तर आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. फक्त मॅकची सिस्टीम १०.५ वरून १०.६ केली तरी त्याच्या साधारण निम्म्याने फरक दिसला. काही टक्के म्हणजे किरकोळ वाटतील, पण आजारामुळे मेंदू किती आक्रसला हे शोधणाऱ्याला नेमके तेवढेच टक्के शोधायचे असतात. त्यांनी सल्ला दिला की अभ्यास चालू असताना मध्येच सॉफ्टवेअर किंवा सिस्टीम बदलू नका.

झाली ना अडचण? सुरक्षा सांगते ताबडतोब बदला, विज्ञान सांगते मध्ये बदलू नका. पाच वर्षांच्या पीएच.डी.त हा प्रसंग एकदा तरी येणारच. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, म्हणून कुठलाही एक डोळे मिटून पाळता येत नाही.

माझं म्हणणं असं: ऑपरेटिंग सिस्टीम हा उपकरणाचा भाग आहे, आणि ती बदलणं म्हणजे उपकरण बदलणं. तराजू बदलला तर आपण काय करतो? माहीत असलेलं वजन आधी जुन्यावर, मग नव्यावर ठेवून बघतो आणि वहीत तारीख घालतो. इथेही तेच करायचं. जुनी सिस्टीम पुसण्याआधी एक पूर्ण गणना बाजूला काढा, जिचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. ती नव्या सिस्टीमवर चालवा आणि आकडे ताडा. जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर तुम्हाला दोष सापडलाय, तो आधीपासूनच असण्याची शक्यता आहे, आणि तो तोंडी परीक्षेच्या आधी सापडला हे तुमचं नशीब. प्रबंधातही लिहा की कुठल्या तारखेपर्यंतची गणना कुठल्या सिस्टीमवर झाली. आपण रसायनाची शुद्धता आणि कंपनीचं नाव न चुकता लिहितो, पण सिस्टीमबद्दल एक ओळ लिहीत नाही.

कोपऱ्यातलं जुनं मशीन

राहिला प्रश्न उपकरणांना जोडलेल्या कॉम्प्युटरचा. आमच्याकडे एका वर्णपटमापकाला अजून विंडोज एक्सपीचं मशीन जोडलेलं आहे. उपकरण उत्तम चालतं. त्याचं कार्ड आणि ड्रायव्हर मात्र नव्या सिस्टीमवर चालत नाहीत, आणि पुरवठादाराचं म्हणणं, नवीन सॉफ्टवेअरसाठी नवीन उपकरणच घ्या. अशा मशीनचं काय करायचं?

"नेट काढून टाका, झालं" हे उत्तर अर्धंच आहे. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट इराणच्या नतान्झमधल्या, बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या यंत्रणेपर्यंत पेनड्राइव्हमधून पोचू शकला. आपल्या प्रयोगशाळांत तर एकच पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून थेट उपकरणात जातो. म्हणून नेट काढाच, पण त्या मशीनसाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, तो फक्त एका पॅच लावलेल्या मशीनवरच उघडा, आणि हा नियम मशीनवर कागद चिकटवून लिहा. हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा आजच काढून ठेवा, कारण पंधरा वर्षांची डिस्क व्हायरसची वाट बघत बसत नाही. आणि मोजमाप कंपनीच्या बंद फाइलसोबतच खुल्या स्वरूपातही साठवा: वर्णपटासाठी जेकॅम्प-डीएक्स, वस्तुमान वर्णपटासाठी एमझेडएमएल, काहीच नाही तर साधी सीएसव्ही.

हा शेवटचा मुद्दा फक्त विज्ञानवाल्यांचा नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी प्रबंध, नियतकालिकांचे अंक, संस्थांची इतिवृत्तं आजही अनेक ऑफिसांतल्या जुन्या मशीनवर पडून आहेत. त्या फाइलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नाहीतच. तिथे रोमन अक्षरांचे संकेत आहेत आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसेल तर समोर निरर्थक रोमन अक्षरांची रांग येते. टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालणारं असेल, तर नव्या सिस्टीमवर ते चालेलच असं नाही. ते मशीन भंगारात देण्याआधी फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेला मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून बघा, कारण जोडाक्षरं आणि रफार या रूपांतरात हमखास घसरतात.

एकूण परीक्षकाचा अहवाल असा. सुरक्षेचा दावा मान्य. नवीन मशीनची शिफारस अपुऱ्या पुराव्यावर, मोठ्या दुरुस्तीसह पुन्हा सादर करावी. "लिनक्स टाका" ही शिफारस आशादायक, पण तिच्या मर्यादा लिहिलेल्या नाहीत. आणि तिन्ही लेखकांनी एक प्रयोग केलेलाच नाही: बदलाच्या आधी आणि नंतर तेच काम करून उत्तर तेच येतं का ते बघण्याचा. तो प्रयोग तुमच्या मशीनवर तुम्हालाच करावा लागेल. एक दुपार पुरते, फक्त जुनी सिस्टीम पुसायच्या आधीची.